लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण फोंड्यात नेमकं कुणाला द्यायचं? कॉलेजचा ग्रुप आहे, सल्ला पाहिजे

पावसाळी_बेडूक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, सांभाळून घ्या. मी फोंड्याला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, अर्धे एनएसएसवाले (राष्ट्रीय सेवा योजनेतले) आणि अर्धे असेच आमच्यामागून आलेले. तुळशीचं लग्न झालं की इकडे हॉल बुक व्हायला लागतात आणि फोंडा तालुक्यात हॉल किती ते गोंयकाराला सांगायला नको, त्यात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी, सगळ्या देवळांकडे लग्नं-मुंजी चालूच. जेवण उरतं हे आपण सगळे बघतो. तर ते नेऊन ज्यांना पाहिजे त्यांना द्यायचं असं ठरवलंय. दोघांकडे कार आहे, बाकी स्कूटर, आणि डबे घ्यायला थोडे पैसे पण जमलेत.

पण म्हटलं आधी फिरून बघू, आणि तिथेच सगळं अडलंय. बसस्टँडवर जे झोपतात त्यांच्याकडे शनिवार-रविवार कुणी ना कुणी पॅकेटं घेऊन येतंच, एक काका सरळ म्हणाले बाय, आज बिर्याणी दोनदा आली, तू मंगळवारी ये. देवळांकडे बसणाऱ्यांना प्रसाद मिळतो. कुर्टीच्या बाजूला बिल्डिंगांची कामं चालू आहेत तिथल्या पत्र्याच्या खोल्यांकडे दुपारी गेलो तर मोठं माणूस एकही नाही, सगळे कामावर, फक्त मुलं, त्यातली एक आठ-नऊ वर्षांची कडेवर भाऊ घेऊन फिरत होती. तिला काय विचारणार?

हॉलचा मॅनेजर म्हणतो उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर नाव माझं येणार. एनएसएसचे सर चांगले आहेत पण त्यांना दोन वर्षांचे २४० तास प्रत्येकाच्या नावावर मांडायचे असतात त्यामुळे ते म्हणतात तारीख, वेळ, फोटो सगळं नीट ठेवा. आणि आमच्यातल्या दोघांना फक्त फोटोच पाहिजेत असं मला वाटायला लागलंय, असो. घरी पप्पांचं म्हणणं गोव्यात उपाशी कुणी झोपत नाही, अभ्यास कर.

कुणी असं काम केलंय का? कुठून सुरू करायचं, आणि हॉलवाल्याला काय सांगायचं?

डोंगरमाथा_७१

पप्पा बरोबर बोलतात तुझे. गोव्यात कामाला माणूस मिळत नाही म्हणून बाहेरून आणावा लागतो आणि तुम्ही म्हणता उपाशी. रेशन फुकट, शाळेत जेवण फुकट, देवळात समाराधना. जे बसस्टँडवर झोपतात त्यातले अर्धे दारूमुळे तिथे आहेत, त्यांना बिर्याणी देऊन काय होणार? आणि द्यायचंच असेल तर आधी आमच्या लोकांना द्या, भायल्यांची काळजी त्यांचे कॉन्ट्रॅक्टर घेतील.

वाढपी_मडगाव

पावसाळी, मी केटरिंगमध्ये आहे, बापाचा धंदा होता तो आता मी बघतो, तर जेवणाच्या बाजूचं सांगतो, बाकीचं दुसरे सांगतील.

पहिलं म्हणजे दुपारच्या लग्नात तुम्हाला वाटतं तेवढं उरत नाही. यजमान डबे भरून नेतात, आमची पोरं नेतात, हॉलचा वॉचमन नेतो. खरं उरतं ते रात्रीच्या रिसेप्शनला, पाचशे सांगितले आणि साडेतीनशे आले असं होतं तेव्हा. पण ते कळतं कधी, तर रात्री साडेदहा-अकराला. त्या वेळी तुम्ही पोरं-पोरी स्कूटरवरून टोप घेऊन कुठे जाणार आणि झोपलेल्या माणसाला उठवून काय वाढणार? हे आधी आपसात बोलून घ्या.

दुसरं, आपलं जेवण नारळाचं. खोबऱ्याचा रस घातलेली कुठलीही वस्तू, म्हणजे तोंडाक, खतखतें, शागुती, सोलकढी, मणगणें, ही सगळ्यात आधी जातात, आणि गोव्याच्या दमट हवेत तर दुपारी केलेलं संध्याकाळी आंबूस लागलंच समजा. ही घ्यायचीच नाहीत. नुस्त्याला, म्हणजे मासळीला, तर हातच लावू नका. घेण्यासारखं म्हणजे भात, बिनखोबऱ्याची डाळ, सुकी भाजी, पुऱ्या, चपात्या, बुंदीचे लाडू, जिलेबी. भाताला लोक हलकं समजतात पण भात टोपात झाकून गरमगरम तसाच चार तास ठेवला तर तोसुद्धा माणसाला आडवा करतो, वासावरून कळत पण नाही. हिशेब सोपा, गरम वस्तू ६० डिग्रीच्या वर राहिली पाहिजे, थंड ५ च्या खाली, मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नको. दोनशे-तीनशे रुपयांत थर्मामीटर मिळतो, तो घ्या, नाकावर विश्वास ठेवू नका.

आणि बुफेच्या टेबलावर ठेवलेलं घेऊ नका, ताटातलं तर सोडाच. फक्त किचनमध्ये राहिलेलं, ज्यात पाहुण्याचा चमचा गेला नाही ते. हॉल मॅनेजरच्या मागे कशाला लागता? त्याच्या हातात काही नसतं. केटररला आदल्या दिवशी फोन करा, यजमानाला विचारून ठेवा. लास्ट पंगत बसली की आचाऱ्याला बरोब्बर कळतं किती राहणार.

जबाबदारीचं म्हणशील तर एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०१९ मध्ये उरलेलं अन्न वाटण्याचे वेगळे नियमच काढलेत. असं वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, डब्यावर चिठ्ठी लावून त्यात काय आहे, कुठून आलं, कधी केलं, कधीपर्यंत खायचं, शाकाहारी की मांसाहारी हे लिहायचं आणि कुठून किती आलं कुठे गेलं याचं रजिस्टर ठेवायचं. कॉलेजच्या नावाने रीतसर पत्र आणि ही चिठ्ठी दाखवलीत तर माझ्यासारखा केटरर तरी नाही म्हणणार नाही. तोंडी कुणी येऊन मागितलं तर मी पण देत नाही, खरं सांगतो.

अंगणवाडी_ताई

मी सत्तरीत अंगणवाडी चालवते, गाव सांगत नाही. डोंगरमाथा भाऊ, तुम्ही म्हणता गोव्यात उपाशी नाही कुणी. पोट रिकामं असलेला माणूस रस्त्यावर बसलेला दिसला पाहिजे असं तुमचं म्हणणं असेल तर तो कमी दिसेल, मान्य. पण सरकारचाच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे आहे २०१९-२१ चा, त्यात आपल्या गोव्यात पाच वर्षांखालची २५.८ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, त्याच्या आधीच्या सर्व्हेत २०.१ होती, म्हणजे वाढलं. उंचीच्या मानाने बारीक १९.१ टक्के. रक्त कमी असलेली ५३.२ टक्के, म्हणजे अर्ध्याहून जास्त. हे श्रीमंत राज्य आहे ना आपलं? आणि यात सगळी भायल्यांची मुलं नाहीत, माझ्या यादीतली बहुतेक इथल्याच वाड्यांवरची आहेत, आई सकाळी काजूच्या बागेत नाहीतर कुणाच्या घरी कामाला, मूल चहा-पाव नाहीतर चहा-बिस्किटावर.

बाय पावसाळी, तुला दिसलेली ती कडेवर भाऊ घेतलेली मुलगी आहे ना, तीच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे बघ. ती शाळेत असती तर तिला दुपारचा आहार मिळाला असता, आणि भाऊ तीन ते सहा वर्षांचा असेल तर तो अंगणवाडीत बसला पाहिजे, तिथे गरम खाणं मिळतं, तीनच्या खालचा असेल तर अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. बाहेरच्या राज्यातलं आहे म्हणून अंगणवाडी त्याला नाही म्हणू शकत नाही. मुलाचं आधार कार्ड नसलं तरी आईच्या आधारवर नाव घालता येतं. पण होतं काय, आई-बाप सकाळी सातला कामावर, अंगणवाडी कुठे आहे त्यांना माहीत नाही, नेऊन सोडायला कुणी नाही, मग मोठी मुलगी घरी राहते. तुमच्यातल्या दोघींनी जाऊन त्या वस्तीतल्या मुलांची नावं-वयं लिहून जवळच्या सेविकेला दिली आणि सुरुवातीचे काही दिवस सकाळी मुलांना हात धरून नेऊन सोडलं तर रोजचं एक जेवण लागलं त्यांचं, दोघांचं पण. एक लग्न, एक टोप, हे किती दिवस पुरणार? आणि संध्याकाळी जा गं, सातनंतर, दुपारी नको. आईशी बोला.

अजून एक, मुलांना बिस्किटाचे पुडे आणि कुरकुरे वाटू नका, दर १५ ऑगस्टला कुणीतरी येतं वाटायला आणि मग मुलं दोन दिवस खिचडी खात नाहीत. मूल फार बारीक दिसलं तर सेविकेला सांगा, आमच्याकडे दंडाची पट्टी असते, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर त्याला खाऊ देऊन भागत नाही, सरळ आरोग्य केंद्रात न्यावं लागतं.

पावसाळी_बेडूक

ताई, वाढपी दादा, खूप खूप धन्यवाद, मी हे सगळं ग्रुपवर टाकलं आणि तिथे आता भांडण चालू आहे 😅 एकजण म्हणतो हे सरकारचं काम आहे आपण का करायचं, आपण जेवण वाटूया. ताई, सकाळी मुलांना सोडायचं तर आमची लेक्चरं साडेआठला, पण तिघीजणी कुर्टीच्याच आहेत, त्या तयार आहेत. मोठ्या माणसांचं काय करायचं पण? संध्याकाळी काल जाऊन आलो, तिथे झारखंडची माणसं आहेत आणि विजापूर-बागलकोटकडची कुटुंबं आहेत. जेवण बनवतात ती सकाळी पाचला उठून. त्यातल्या एका मावशींनी सांगितलं की महिन्याच्या शेवटी पगार अडकला की दुकानदार उधार देत नाही, मग एकवेळच. रेशन कार्ड आहे का विचारलं तर म्हणाल्या आहे, गावाला सासूकडे.

कचेरीच्या_दारात

सासूकडे राहू दे ते कार्ड, इथे पण धान्य मिळतं, कार्ड हातात असायची पण गरज नाही, कार्डचा नंबर नाहीतर आधार नंबर सांगून मशीनवर अंगठा लावायचा, झालं. वन नेशन वन रेशन कार्ड म्हणतात ते हेच. सासूने तिकडे तिच्या वाट्याचं उचललं तरी हिला हिच्या वाट्याचं इथे उचलता येतं, एकाच कार्डवर थोडं तिकडे थोडं इकडे. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय असेल तर कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून त्याचे पैसे पण घेत नाहीत. कोविडच्या वेळी कामगार चालत गावी गेले त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जून २०२१ ला सगळ्या राज्यांना ही योजना लागू करायला तारीख घालून दिली होती, म्हणजे हे कुणाच्या मेहरबानीवर नाही चाललेलं.

पण दुकानात हिंदी बोलणारा एकटा माणूस गेला तर काय सांगतात, मशीन बंद आहे, बाहेरचं कार्ड चालत नाही, पुढच्या महिन्यात ये. त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो, परत तो जात नाही. तिथे कॉलेजचं आयकार्ड गळ्यात घातलेली दोन मुलं शेजारी उभी राहिली ना की मशीन आपोआप चालू होतं, गंमत नाही करत. नाही झालं तर तिथेच उभं राहून १९६७ ला फोन लावा, नाहीतर १४४४५ ला, आणि नागरी पुरवठा खात्याच्या तालुका ऑफिसात लेखी अर्ज, शिक्का मारून कॉपी परत घ्यायची. आधार त्या रेशन कार्डाला जोडलेलं नसेल तर मात्र ते काम त्यांच्या गावीच करून घ्यावं लागेल, त्या घरात कुणाला तरी फोन करून समजावा, हे पण तुम्हीच करा कारण त्या मावशींना आधार सीडिंग म्हणजे काय ते कोण सांगणार.

सर तासांचे पुरावे मागतात ना, रेशनच्या पावतीचा नंबर आणि तारीख लिहा रजिस्टरमध्ये. माणसांचे फोटो कशाला?

डोंगरमाथा_७१

सगळं भायल्यांसाठीच चाललंय. आमच्यासाठी कोण उभं राहतो दुकानात?

मास्तर_डिचोली

डोंगरमाथा, तुमचा राग मला समजतो पण मग तुम्हीच या ना एकदा आमच्याकडे, आमच्यातलेच दाखवतो. मी शिक्षक होतो, आता रिटायर्ड. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, हा सगळा खाणींचा पट्टा. २०१२ ला खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या आणि २०१८ ला कोर्टाने ८८ लिजा (खाणपट्टे) रद्द केल्या. ट्रक घेतलेले, गॅरेजवाले, गाडेवाले, सगळे बसले. तरणी पोरं पणजीला, वेर्ण्याला, गल्फला गेली, घरी म्हातारी राहिली. घर बघाल तर मोठं, दारात तुळस, पडवी सारवलेली, कोण म्हणेल इथे खायची अडचण आहे? आणि तुम्ही पॅकेट घेऊन गेलात तर दारातून परत पाठवतील तुम्हाला, बरोबरच आहे, त्यांना मान आहे.

आमच्या वाड्यावर एक आजी आहेत. दयानंद योजनेचं पेन्शन येतं, रेशन कार्ड आहे. पण दुकान तीन किलोमीटर, बस दोन वेळा, आणि अंगठा मशीनवर उमटत नाही कारण आयुष्यभर कोयता धरून बोटं झिजलीत. तांदूळ घरात असले तरी एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा, मग पेज आणि मीठ, दोन वेळा तेच. ही भूकच की नाही? अशा माणसाला आपल्या जागी दुसऱ्याला नॉमिनी नेमता येतो रेशन उचलायला, अर्ज करावा लागतो, तो अर्ज भरून द्यायचं काम तुमच्यासारख्या पोरांनी केलं पाहिजे. आमच्याकडच्या दोन मुलांनी ते केलं आणि आता ती दर रविवारी आजींकडेच जाऊन जेवतात. हो, जेवतात. मुलं सामान नेतात, आजी रांधतात, कारण पाहुणा आला म्हटल्यावर म्हातारी चूल पेटवते आणि हुमण (मासळीची आमटी) नाहीतर निदान तोंडाक तरी करते, आणि मग स्वतः पण खाते. मी तरी याहून चांगला उपाय बघितलेला नाही, तुम्ही डबा नेऊन ठेवला असता तर तिने तो मांजराला घातला असता. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, ती पण लिहून ठेवा.

आणि सामान न्यायचं तर उकडे तांदूळ न्या. दुकानातले सुरय, म्हणजे न उकडलेले, तांदूळ आमच्या म्हाताऱ्यांच्या घशाखाली उतरत नाहीत. त्या विजापूरकडच्या कुटुंबांना विचारा, ते जोंधळ्याचं पीठ मागतील बघा. तुमची आवड त्यांच्या ताटात नको.

शेवटचा_बाक

मी पण कॉलेजमध्येच आहे, फोंड्यातच, कुठल्या ते जाऊ दे. पावसाळी तू कुर्टी आणि बसस्टँड फिरलीस, तुझ्याच वर्गात बघितलंस का? वाळपईच्या आतून येणारी मुलं सहाच्या कदंबा बसने निघतात, घरी त्या वेळी चूल पेटलेली नसते, कॅन्टीनला पाव-भाजी आणि चहा घ्यायचे पैसे रोज नसतात, आणि परत घरी पोचायला तीन वाजतात. माझ्या बाजूला बसणारा मुलगा ब्रेकमध्ये लायब्ररीत जातो, मला वाटायचं फार हुशार आहे. फुकट देतो म्हणून बोलावलंस तर एक पण येणार नाही. आमच्याकडे आता कॅन्टीनच्या काकांनी कुपनं काढलीत, ज्याला जमेल तो एक जास्त विकत घेऊन काउंटरवरच ठेवतो, आणि ज्याला पाहिजे तो नेहमीसारखं काउंटरवर जाऊन ऑर्डर देतो, कोण पैशाने खातो आणि कोण कुपनावर हे फक्त काकांना माहीत. रजिस्टर नाही, फोटो नाही, एनएसएसचे तास पण नाहीत त्यामुळे सरांना आवडलेलं नाही.

पावसाळी_बेडूक

शेवटचा_बाक, वाळपईची दोन मुलं आमच्याच ग्रुपमध्ये आहेत, डबे गोळा करायच्या मीटिंगला सगळ्यात आधी हजर असतात. मी आज त्यांच्याकडे बघून काहीच बोलले नाही. कॅन्टीनच्या मावशींशी उद्या बोलते.

तर आता असं ठरलंय, अजून भांडणं होतील पण सध्या तरी. कुर्टीच्या तिघी सकाळी लहान मुलांना अंगणवाडीत आणि मोठ्या मुलांना शाळेत सोडणार, सेविकेशी बोलणं झालं, त्या आधी जरा रागावल्या की एवढे दिवस कुणी सांगितलं नाही, मग म्हणाल्या आणा. चौघेजण रेशनचं बघणार, त्यातला एक बेळगावकडचा आहे त्याला कन्नड येतं. हॉलमधलं जेवण पूर्ण सोडलेलं नाही, कारण दोघेजण त्याशिवाय येतच नाहीत 🙄 पण फक्त मंगळवार ते गुरुवार, दुपारचंच, आणि वाढपी दादांच्या यादीतल्याच वस्तू. मास्तर, डिचोलीला यायला कसं जमेल बघते, नाहीतर बांदिवडे-आडपईच्या बाजूला अशा आजी असतीलच ना, पंचायतीत विचारू का?

वाढपी दादा, एकच राहिलं, चिठ्ठीवर "कधीपर्यंत खायचं" तिथे काय लिहायचं? जेवण बाराला झालं आणि आम्हाला अडीचला मिळालं तर?

मास्तर_डिचोली

पंचायतीत नको, मग यादी निघेल आणि यादीत राजकारण. पोस्टमनला विचार, पोदेराला (पाववाल्याला) विचार. कुणाच्या घरी पाव घेणं बंद झालं ते पोदेराला सगळ्यात आधी कळतं.

वाढपी_मडगाव

बाराला झालं आणि अडीचपर्यंत शेगडीवर गरम होतं का ते आचाऱ्याला विचार, आणि टोपाच्या मध्यभागी थर्मामीटर घाल, वरच्या थराला नको. ६० च्या वर असेल तर घे, अडीचला डब्यात भरलं तर चिठ्ठीवर साडेचार लिही आणि साडेचारच्या आत ते माणसाच्या पोटात गेलं पाहिजे, हातात नव्हे. ६० च्या खाली असेल तर मंगळवार असो की गुरुवार, तिथेच सोडून ये, आचारी रागावला तरी. लाडू-जिलेबीला हे काही नाही, ते दुसऱ्या दिवशी पण चालतात. आणि टोप घासून परत दे गं, पुढच्या वेळी त्यावरच मिळतं.